छंद, एका शब्दात

साल एकोणीसशे एकाहत्तर. याबद्दल शंका नको, कारण त्याच वर्षी इमारतीच्या जिन्याच्या कठड्याला हिरवा तेलरंग दिला गेला आणि तो दीड महिना वाळला नाही. त्या दीड महिन्यात कोण वर गेलं, कोण खाली आलं आणि सावकाश आलं की घाईत, हे ज्याच्या त्याच्या बाहीवर लिहिलेलं असे.

रंग लागला त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या टायपिस्ट मावशींनी स्वतःविरुद्धचा ठराव टाइप केला.

सगळी इमारत त्यांना टायपिस्ट मावशी म्हणायची. वजनमापे कार्यालयात त्या हेड टायपिस्ट होऊन नऊ वर्षं झाली होती, पण ते 'हेड' इमारतीपर्यंत कधी पोचलंच नाही. सोसायटीच्या नोटिसा, पाणी येणार नाही याच्या सूचना, आणि पाणी आलं तर ती सूचना रद्द झाल्याची सूचना, हे सगळं मावशीच टाइप करून द्यायच्या. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी आभार मानले नव्हते, ते नुसतं अंगावर पडलं होतं. त्याप्रमाणे पहिल्या मजल्यावरून सेक्रेटरींनी एक कागद वर पाठवला. मावशींनी कार्बन लावून चार प्रती काढायला घेतल्या आणि तिसऱ्या ओळीला त्यांच्या लक्षात आलं की हे आपल्याबद्दल आहे.

इमारतीत कोणतेही वाद्य वाजवण्यास सक्त मनाई आहे, असं त्यात होतं. मात्र ज्या रहिवाशाने जाहीर कार्यक्रमात आपली कला सादर केली असेल व तसा आयोजक संस्थेचा कागद जो पुढील सभेत दाखवील, त्यास रोज एक तास सूट राहील. अन्यथा सदर वाद्य इमारतीबाहेर हलवावे.

'मात्र'पासूनचा भाग डॉक्टरांच्या मुलीसाठी होता. ती रेडिओवर व्हायोलिन वाजवायची, आणि डॉक्टरांना दुखवणं कोणालाच शक्य नव्हतं. सेक्रेटरींना तर नाहीच, त्यांना दमा होता. 'अन्यथा'पासूनचा भाग मावशींसाठी होता. इमारतीत दुसरं वाद्य एकच होतं, मावशींची पेटी. ऑफिसातून आल्यावर पाच ते सहा त्या पेटी वाजवायच्या, आणि त्यांच्या पेटीच्या बरोबर खाली सेक्रेटरींची आरामखुर्ची होती, जिच्यात पाच ते सहा ते वर्तमानपत्र वाचायचे. आता खुर्ची हलवता येते. पण हे सुचवायचं कोणी?

दुसरी एखादी असती तर तिने रागाच्या भरात निदान 'सक्त'चा 'क' तरी गाळला असता. मावशींनी डावीकडे दीड इंच समास सोडला, उजवीकडे एक, आणि शेवटच्या ओळीपर्यंत एकही चूक केली नाही. सेक्रेटरींनी 'अन्यथा'खाली रेघ मारली होती, ती रेघही त्यांनी मारली. मग चारही प्रती काकांपुढे ठेवल्या.

काका म्हणजे मावशींचे यजमान. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते आणि कानामागची तांबडी पेन्सिल फक्त झोपताना काढायचे. त्यांनी ठराव दोनदा वाचला.

"चूक एकही नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पडला.

मावशी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पुस्तकावरून पेटी शिकल्या होत्या. त्याला आता आठ वर्षं होत आली होती, आणि त्या आठ वर्षांत काकांखेरीज त्यांचं वाजवणं कोणी समोर बसून ऐकलेलं नव्हतं. काकांना धरायचं नाही, ते ऐकतानाही चूक शोधत. पेटी इमारतीबाहेर हलवायची तर एकच जागा होती, परगावच्या धाकट्या बहिणीचा माळा. बहिणीला नुसता सुगावा लागला तर तिने उलट टपाली कळवलं, "खुशाल पाठव ताई, वर गाद्या ठेवायला बरी पडेल." त्या पत्राने मावशींचं डोकं फिरलं. कागद हवाय ना, त्या म्हणाल्या, कागद आणून दाखवते. कागदाची भीती कोणाला घालताय? आयुष्य गेलं माझं कागदात.

आठवड्याभरात काकांनीच वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातली दोन ओळींची जाहिरात शोधून काढली. हौशी छंद मंडळाचं चौथं संमेलन. नगर वाचनालयाचा वरचा हॉल. विणकाम, मातीकाम, टपाल तिकिटं, संगीत व इतर. प्रवेशअर्ज तीन प्रतींत. तारीख सोसायटीच्या सभेच्या आदल्या रविवारची.

खरी गडबड झाली ती अर्जात.

अर्जावर छापलं होतं 'छंद (एका शब्दात)', आणि त्यापुढे ठिपक्यांची रेघ, अंगठ्याएवढी. मावशींनी अर्ज मशीनला लावला आणि घरं मोजली. 'हार्मोनियमवादन' तर शेजारच्या 'वय' या रकान्यातून आरपार गेलं असतं. 'पेटीवादन' लिहावं तर शेवटचा 'न' रेघेबाहेर पडत होता, अर्धाच, पण पडत होता. आणि छापलेल्या रेघेबाहेर मावशींनी सव्वीस वर्षांत एक अक्षर जाऊ दिलेलं नव्हतं. तो त्यांचा बाणा होता. त्यांनी टाइप केलं, 'पेटी'.

अर्ज काकांकडे तपासायला गेला. "पे-ला मात्रा, टी दीर्घ," काका म्हणाले, "बरोबर आहे." आणि बारीकशी खूण केली. दुसऱ्यांच्या चुका पकडण्यात ज्यांचा जन्म गेला अशा दोन माणसांनी मिळून तो अर्ज पाठवला. इतका बिनचूक घोटाळा दुसऱ्या कोणाला जमलाच नसता.

चार दिवसांनी मंडळाच्या कार्यवाहांचं पत्र आलं. हे गृहस्थ एरवी पेन्शन कचेरीत होते, आणि माणूस जिवंत असल्याचा दाखला माणूस समोर उभा असतानाही मागायचे म्हणून त्यांचं नाव होतं. पत्रात लिहिलं होतं, आपल्या पेटीची लांबी, रुंदी, उंची कळवावी. साहित्य लाकूड, पुठ्ठा की पत्रा? झाकण सुटे की बिजागरीचे? आत काय ठेवलेले असते?

मावशी भारावून गेल्या. आपली इतकी आस्थेने चौकशी वजनमापे कार्यालयातसुद्धा कोणी केली नव्हती. काकांना पुठ्ठ्याचं जरा खटकलं. मावशी म्हणाल्या, अहो, लहान मुलांच्या खेळातल्या असतात तशा, त्यांना सगळ्यांचीच सोय पाहावी लागते. शिंप्याची टेप लावून त्यांनी मापं घेतली. साहित्य, लाकूड. झाकण, बिजागरीचं. शेवटच्या प्रश्नाशी त्या जरा थांबल्या आणि मग टाइप केलं, 'आत काही ठेवत नाही. आत सूर असतात.' हे वाक्य त्यांनी तीनदा वाचलं. असं काही टाइप करायची संधी सरकारी नोकरीत येत नाही.

बातमी फुटलीच. समोरच्या बिऱ्हाडातली नर्स म्हणाली, आदल्या दिवशी बोटं कोमट पाण्यात बुडवून ठेवा. तिसऱ्या मजल्यावरचा एसटी ड्रायव्हर म्हणाला, लोकांकडे बघायचंच नाही, रस्त्याकडे बघायचं. म्हणजे कुठे, असं विचारल्यावर तो म्हणाला, रस्ता आपला आपण धरून चालायचा. डॉक्टरांची मुलगी तेवढी उपयोगाचं बोलली. सुरुवातीला हात थरथरतील, ती म्हणाली, तो सुरांतलाच भाग समजा. आणि सेक्रेटरी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "ऐकलं, कार्यक्रम करताय म्हणे. छान, छान. कागद मात्र शिक्क्याचा लागेल हं."

शिक्का बघतेच आता, असं मावशी मनात म्हणाल्या आणि कठड्याला हात टेकून वर गेल्या. हाताला अर्थातच रंग लागला.

रविवारी सकाळी काकांनी पुढून आणि मावशींनी मागून धरून पेटी खाली आणली. पहिल्या वळणावर तिने कठडा चाटला आणि डाव्या कुशीवर वीतभर हिरवा पट्टा उमटला. काका म्हणाले पुसू या. मावशी म्हणाल्या, पुसायला वेळ नाही, असू दे, लढाईला निघालोय.

बसच्या कंडक्टरने पेटीवर पंच वाजवून विचारलं, यात काय आहे. मावशी म्हणाल्या, पेटी. तो म्हणाला, पेटी दिसते मला, पेटीत काय आहे. मावशी म्हणाल्या, पेटीत पेटीच आहे. कंडक्टरने काकांकडे पाहिलं. काकांनी, म्हणणं बरोबर आहे, अशी मान हलवली. तेव्हा त्याने दोघांना मागच्या बाकावर बसवलं आणि पेटी सामानाच्या जागेत ढकलली, जिथे पुढच्या थांब्यावर कोणीतरी तिच्यावर वह्यांचा एक गठ्ठा आदळला. आतून 'हूं' असा आवाज आला. मावशी बाकावरून अर्ध्या उठल्या. इथेच सगळं कळायला हवं होतं, असं काका पुढे कित्येक वर्षं म्हणायचे. कंडक्टरने आपल्याला सगळं सांगितलं होतं.

वाचनालयाचा वरचा हॉल लांबट होता. कडेने टेबलं मांडलेली, मध्ये लोक, पलीकडच्या टोकाला बुटकं व्यासपीठ, आणि तिथे एक चष्मेवाले गृहस्थ बासरीत फुंकर घालून बघत होते. मावशी तिकडे निघाल्या. एवढ्यात बिल्ला लावलेल्या एका बाईंनी यादीवर बोट फिरवलं, पेटी का, या या म्हणाल्या, आणि त्यांना अगदी उलट दिशेला नेऊन एका कोपऱ्यातल्या टेबलाशी उभं केलं. वर फलक होता, 'पुठ्ठा, लाकूड व पत्रा विभाग'. डावीकडच्या टेबलावर एक तरुण मास्तर आपल्या कापड लावलेल्या पुठ्ठ्याच्या डब्या मांडत होता. आणि मधल्या रिकाम्या टेबलावर सुवाच्य अक्षरांत एक कार्ड ठेवलेलं होतं.

'टेबल १९. सुऱ्यांची पेटी. लाकडी. बिजागरीचे झाकण.'

मावशींनी ते वाचलं. काकांनी वाचलं. "ऱ्या बरोबर काढलाय," काका पुटपुटले. सवय, दुसरं काय.

कार्यवाहांना बोलावणं गेलं. ते फाइल घेऊनच आले. फाइलमध्ये मावशींचाच अर्ज होता, मावशींचंच उत्तर होतं, सगळं लावलेलं, भोक पाडून ओवलेलं. छंद पेटी, साहित्य लाकूड. यात संगीत कुठे आहे, बाई, त्यांनी सौम्यपणे विचारलं. मावशी म्हणाल्या, आत सूर असतात असं स्पष्ट लिहिलंय.

"हो, ते वाचलं मी," कार्यवाह म्हणाले. "पेटीत सूर कसे असतील? सुरे म्हणायचं असेल. टायपिंगची चूक होती, दुरुस्त करून घेतली."

मावशींनी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं होतं. साहेबांचं, सासूबाईंचं, सेक्रेटरींचं. स्वतःविरुद्धचा ठराव त्यांनी समास सोडून टाइप करून दिला होता. पण टायपिंगची चूक, असं त्यांना आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं. त्या लालबुंद झाल्या, मग पांढऱ्या पडल्या, आणि मग फार शांतपणे बोलू लागल्या. त्यांचं शांत होणं काय असतं ते माहीत असल्याने काका एक पाऊल मागे सरकले.

संगीत विभागात नाव घालता येईल का, असं मावशींनी विचारलं. येणार नव्हतं. अकरा नावं छापून झाली होती, प्रमाणपत्रंही त्याच अकरा नावांची होती. मग इथेच दहा मिनिटं वाजवली तर? कार्यवाहांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'प्रदर्शन विभागात शांतता पाळावी.' आणि मग उजवीकडच्या टेबलाकडे.

त्या टेबलावर पत्त्यांचा मनोरा होता. चौदा मजली, नुसता पत्त्यावर पत्ता टेकून रचलेला, ना डिंक ना टाचणी. त्याच्या भोवती दोन्ही हात अर्धवट पसरून एक किडकिडीत गृहस्थ उभे होते, गरम भांडं उतरवताना उभं राहावं तसे. त्यांना सगळे पत्तेवाले म्हणत होते. सकाळी सहापासून ते रचत होते. त्यांच्यासाठी कोपऱ्यातला पंखा बंद ठेवला होता, खिडकी लावली होती, आणि साडेबाराला प्रमुख पाहुणे येऊन मनोरा पाहीपर्यंत कोणी शिंकायचंही नव्हतं.

"पेटी लोकांना पाहू द्या," कार्यवाह म्हणाले. "वाजवू नका."

मावशींनी शेजारच्या मास्तराकडे पाहिलं. तो एका बाईंना डबी उघडून आतला कप्पा दाखवत होता.

"इथली माणसं आपापली वस्तू उघडून दाखवतात, ते चालतं?"

"म्हणजे काय, त्यासाठीच तर टेबल दिलंय."

"झालं तर मग. मीही उघडून दाखवते."

त्यांनी झाकण उघडलं, भाता सोडला, बोटं ठेवली आणि भाता दाबला. आवाज आला तो नुसता 'फुस्स'. पुन्हा दाबला. पुन्हा फुस्स. वह्यांच्या गठ्ठ्याने भात्याची शिवण उसवली होती. कार्यवाह फाइल मिटून निघून गेले, आणि तेच मावशींना जास्त लागलं. त्या खुर्चीवर बसल्या. माळ्यावरच्या गाद्या त्यांना स्पष्ट दिसू लागल्या.

तेवढ्यात परीक्षक आले. पुठ्ठा, लाकूड व पत्रा विभागाचे परीक्षक म्हणजे एक म्हातारे सुतार. सगळे त्यांना दादा म्हणत. कपाळावर चष्मा, खिशात घडीची फूटपट्टी, हातात गुणांचा तक्ता. त्यांनी कार्ड वाचलं, चष्मा डोळ्यांवर घेतला, पेटीला एक फेरी मारली, सांध्यांवरून अंगठा फिरवला, तळाशी टिचकी मारली.

"बाई," ते म्हणाले, "ही तर पेटी आहे."

त्या अख्ख्या हॉलमध्ये तो शब्द बरोबर उच्चारणारा हा पहिला माणूस. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, ठराव, अर्ज, सुरे, गठ्ठा, फुस्स. दादांनी ऐकता ऐकता भात्याला गाल लावला, बाईंना दाबायला सांगितलं, आणि हवा जिथून गालाला लागली तिथे पेन्सिलीची खूण केली. मास्तराकडून कापडाची पट्टी घेतली, त्याच्याच डबीतला डिंक घेतला, पट्टी चिकटवून वरून बोटाने दाबत नेली. वाळायला पाव तास, ते म्हणाले, पंखा लावला तर पाच मिनिटं. हे ऐकून पत्तेवाल्यांचा चेहरा असा झाला की पंख्याचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही.

पाव तास सगळे पट्टीकडे बघत बसले. सव्वाबारा झाले. पत्तेवाले हात न हलवता, नुसती मान वळवून म्हणाले, "ताई, पाया पडतो. पंधरा मिनिटं थांबा. पाहुणे येऊन जाऊ देत."

"पाहुणे येऊन गेले की हॉल रिकामा होईल," मावशी म्हणाल्या. "रिकाम्या हॉलमध्ये वाजवल्याला जाहीर कार्यक्रम म्हणत नाहीत. घरी मी तेच करते, आठ वर्षं झाली."

पत्तेवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांना पटलं होतं, आणि पटल्याचं दुःख चेहऱ्यावर दिसत होतं. ते म्हणाले, "मग निदान खालच्या पट्ट्या घेऊ नका. खालच्या सुराला लाकूड थरथरतं."

मावशींनी पेटी टेबलावरून उतरवून दोन खुर्च्यांवर ठेवली, टेबलांपासून लांब. आणि खालच्या पट्ट्या न घेण्याचं कबूल केलं. एवढ्यावर दोन्ही बाजूंचा तह झाला.

त्यांनी वाजवली ती त्यांची स्वतःची चाल. ती कशी बसली हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पण ऑफिसात शेजारी बसणाऱ्याला ती ऐकताच ओळखू आली असती. दोन्ही हातांची बोटं झरझर चालत जातात, मध्येच एक लांब पट्टी, जागा सोडल्यासारखी, पुन्हा झरझर, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच वरचा सूर, टिंग, की डावा हात सगळं पुन्हा मागे ओढून आणतो. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे मजकूर उतरवताना जो ठेका बोटांत साठला होता, त्यात आता मजकूर कोणाचाच नव्हता. हात थरथरत होते. तो सुरांतलाच भाग, हे त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं, आणि तिसऱ्या ओळीला सांगायची गरज उरली नाही.

विणकामातल्या बायका सुया हातात घेऊनच आल्या. तिकिटंवाले आले. बासरीवाले गृहस्थ आपली पाळी सोडून आले. तीस-चाळीस माणसं, आणि सगळी श्वास रोखून, निम्मी पेटीसाठी, निम्मी मनोऱ्यासाठी.

कार्यवाहही आले, चवड्यांवर धावत. पण पाटी त्यांचीच होती, त्यामुळे त्यांना ओरडता येईना. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, 'क्रुपया बंद करा' असं लिहिलं आणि मावशींच्या डोळ्यांपुढे धरली. मावशींनी मानेनेच ती काकांकडे धाडली. काकांनी ती वाचली, कानामागची पेन्सिल काढली, 'क्रु'वर काट मारून समासात 'कृ' लिहिला आणि दुरुस्तीसाठी परत केली. कार्यवाह थोडा वेळ त्या तांबड्या खुणेकडे पाहत राहिले. मग भिंतीला चिठ्ठी टेकवून ते नव्याने लिहू लागले, आणि तेवढ्यात शेवटचं टिंग वाजलं.

कोणी हललं नाही. सगळ्यांनी आधी कोपऱ्याकडे पाहिलं. चौदाच्या चौदा मजले जागच्या जागी. पत्तेवाल्यांनी खालपासून वरपर्यंत नजर नेली, पुन्हा वरून खाली आणली, त्यांचा चेहरा एकदम उजळला, आणि सहा तास पसरून धरलेले दोन्ही हात उचलून त्यांनी टाळी वाजवली. पहिली टाळी त्यांचीच. तीही मनोऱ्याच्या गळ्यापाशी.

पत्ते पडायला लागले तरी ते वाजवतच होते. मग सगळ्यांनीच वाजवल्या. प्रमुख पाहुणे दारात आले तेव्हा जमिनीवर पत्त्यांचा सडा पडला होता आणि अख्खा हॉल टाळ्यांनी घुमत होता. आपल्यासाठीच असणार असं समजून त्यांनी मान लववून स्वीकार केला.

बक्षीस समारंभात पुठ्ठा, लाकूड व पत्रा विभागात पहिला नंबर टेबल एकोणीसला मिळाला. मावशी व्यासपीठावर गेल्या आणि म्हणाल्या, मी पेटी केलेली नाही, वाजवलेली आहे, वाजवल्याचा कागद द्या. कार्यवाह म्हणाले, वाजवल्याचे अकरा कागद होते, ते संपले. पाच मिनिटं व्यासपीठावर कोणी मागे हटेना. शेवटी दादा खालून म्हणाले, "घ्या हो बाई. गुण मी दिलेत, ते काही चुकीचे नाहीत." मावशींनी कागद हातात घेतला. शिक्का होता. खाली परीक्षकांचा शेरा होता, दादांच्या जाड पेन्सिलीतला. तो वाचून मावशींनी कागदाची काळजीपूर्वक घडी घातली आणि आणखी वाद घातला नाही.

पुढच्या रविवारी सभा झाली, सेक्रेटरींच्याच दिवाणखान्यात. सेक्रेटरींनी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"हे तर खोकं केल्याचं प्रमाणपत्र आहे. पुठ्ठा, लाकूड व पत्रा."

काका काही बोलणार होते. मावशींनी त्यांच्या बाहीला हात लावला आणि स्वतः उभ्या राहिल्या. झालं ते त्यांनी सगळं सांगितलं, सुऱ्यांसकट. एक अक्षर लपवलं नाही. नर्स आणि ड्रायव्हर हसून हसून वाकले, डॉक्टरांच्या मुलीने रुमाल तोंडाला लावला. सेक्रेटरी म्हणाले, म्हणजे तुम्हीच कबूल करता की कागद पेटीचा आहे.

"पेटीचाच आहे. लाकडी पेटीचा. तुमच्या डोक्यावर वाजते तीही लाकडीच आहे, लोखंडी नाही. आणि मी ती वाजवली, चाळीस माणसांनी ऐकली. ठरावात काय आहे? 'आयोजक संस्थेचा कागद'. कागदावर काय लिहिलेलं असावं, हे ठरावात नाही. तुम्ही लिहायला हवं होतं. मी समोरच्या मजकुराबाहेर एक अक्षर टाइप करत नाही." मग त्या थांबल्या. "आता शेरा वाचा. मोठ्याने वाचा, सगळ्यांना ऐकू द्या."

सेक्रेटरींनी चष्मा सारखा केला. शिक्क्याच्या कागदावर जे लिहिलेलं आहे ते वाचायचं, ही त्यांचीही जन्माची सवय होती.

"'पेटी उत्तम,'" त्यांनी वाचलं. "'डाव्या अंगाचे रंगकाम कच्चे.'" मग जरा थांबून, "'बंद ठेवू नये.'"

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर पहिल्यांदा खाकरले. ते म्हणाले, आता असं स्पष्टच लिहिलेलं असल्यावर सभेला दुसरं काय करता येणार. मतं घ्यायचीही वेळ आली नाही. सेक्रेटरींनी वहीत नोंद केली, आयोजक संस्थेच्या निर्देशानुसार दुसऱ्या मजल्यावरील पेटी बंद ठेवू नये, वेळ पाच ते सहा.

"आणि आजपासून," दारातून मावशी म्हणाल्या, "नोटिसा तुमच्या तुम्ही लिहा."

सेक्रेटरी त्यानंतर नोटिसा हाताने लिहू लागले. त्यांचं अक्षर कोणालाच लागेना, त्यामुळे पुढच्या पाच-सात वर्षांत इमारतीत पुष्कळ नियम झाले असले तरी कोणते ते कोणालाच कळलं नाही आणि सगळे सुखात राहिले. पुढे ते मुलीकडे राहायला गेले. तिकडून त्यांचं एक पत्र आलं, इथे वर कोणी पेटी वाजवत नाही, पाच वाजल्याचं काही कळत नाही, एवढंच त्यात लागलं.

कार्यवाहांनी दुसऱ्या वर्षी अर्ज बदलून 'छंद (सविस्तर)' असं छापलं. एका माणसाने एकोणीस पानं जोडली. तिसऱ्या वर्षी अर्ज पुन्हा पहिल्यासारखा झाला. 'कृपया' मात्र त्यांनी नंतर कधी चुकीचं लिहिलं नाही.

पत्तेवाले सोळा मजल्यांपर्यंत पोचले. दर संमेलनात आपलं टेबल ते पेटीशेजारीच मागून घ्यायचे, आणि मावशी वाजवायला बसल्या की स्वतःचे दोन्ही हात खिशात घालून उभे राहायचे. मास्तराने डॉक्टरांच्या मुलीशी लग्न केलं. पुढच्या संमेलनात ती डबीत काय ठेवायचं ते विचारायला आली होती, असं तो सांगत असे.

दादा चार वर्षांनी गेले. जाण्याआधी काका त्यांना एकदा भेटले आणि न राहवून विचारलं, तो शेरा तुम्ही सभेचं ऐकून मुद्दाम लिहिला होता का. दादा म्हणाले, छे हो, लाकडाला हवा लागते, नाहीतर बुरशी धरते, त्या दिवशी सातही पेट्यांवर तेच लिहिलं होतं मी. काकांनी हे मावशींना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, सातही ठिकाणी बरोबर लिहिलं होतं. दादांनी लावलेली पट्टी भात्यावर अजून आहे.

काका निवृत्त झाल्यावरही पेन्सिल कानामागेच राहिली. त्यांच्या शेवटच्या आजारपणात मावशी पाच वाजता वाजवायच्या आणि काका पडल्या पडल्या ऐकायचे. एक दिवस ते म्हणाले, चूक एकही नाही. त्या वेळी मात्र आवाज पडलेला नव्हता.

मावशींनी नोकरी संपल्यावर सतरा संमेलनांत पेटी वाजवली, आणि दर वर्षी अर्ज स्वतःच टाइप केला. मंडळाच्या त्या बिल्ल्याच्या बाई म्हणायच्या, मावशी, आता तरी नीट लिहा, पेटीवादन म्हणून, हवं तर आम्ही रेघ वाढवून देतो. मावशींनी रेघ वाढवू दिली नाही. त्या ठिपक्यांवर त्यांनी तेच टाइप केलं, 'पेटी', पे-ला मात्रा, टी दीर्घ, आणि पुढची उरलेली जागा मोकळी सोडली. ज्याला सुरे दिसतील, त्या म्हणायच्या, त्याने येऊन उघडून बघावं.